‘संदर्भ सापडला नाही’: स्प्रेडशीटमधून मास्टर नोंदी चढवताना पुन्हा पुन्हा येणारा अडथळा

ग्राहक, पुरवठादार, वस्तू, मोजमापाची एकके, करांचे कोड, खर्चकेंद्रे अशा ज्या नोंदींच्या आधारावर क्लाउडवरील व्यवसाय-प्रणालीत रोजचे व्यवहार लिहिले जातात, त्या मास्टर नोंदी बहुतेक ठिकाणी एक्सेलच्या किंवा सीएसव्हीच्या (विभाजकाने रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या) फाइलमधूनच आत येतात. हे काम मी वेगवेगळ्या प्रणालींवर अनेक वर्षे केले आहे आणि एकच अडथळा निरनिराळ्या रूपांत परत येताना पाहिला आहे. आधी त्याची लक्षणे देतो आणि नंतर तपासण्या. तपासण्यांचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे जातो. तो मोडू नये अशी विनंती आहे, कारण पुढच्या काही तपासण्यांमध्ये चालू नोंदींना हात लावावा लागतो आणि पाच मिनिटांच्या कामाने जे सुटले असते त्यासाठी ती जोखीम घेण्याचे कारण नाही.

लक्षणे

सर्वांत नेहमीचे लक्षण म्हणजे फाइल व्यवस्थित अपलोड होते, तपासणीचा टप्पा सुरू होतो आणि काही ओळींपुढे ‘संदर्भ सापडला नाही’ किंवा ‘मूल्य वैध नाही’ असा संदेश येतो, आणि ज्या नोंदीबद्दल प्रणाली तक्रार करते ती नोंद दुसऱ्या पडद्यावर आपल्याला स्पष्ट दिसत असते. दुसरे लक्षण असे की पाचशेपैकी चारशे साठ ओळी आत जातात, चाळीस राहतात, आणि त्या चाळीस ओळी इतरांपेक्षा कशात वेगळ्या आहेत हे कितीही निरखून पाहिले तरी कळत नाही. कधी इम्पोर्ट पूर्ण यशस्वी झाल्याचा संदेश येतो, पण नंतर वस्तूंच्या कोडमधली सुरुवातीची शून्ये गेलेली असतात, तारखांमध्ये दिवस आणि महिना यांची अदलाबदल झालेली असते, देवनागरी नावांच्या जागी अनोळखी चिन्हांची रांग उभी असते किंवा एकच ग्राहक दोनदा दिसू लागतो. ही यशस्वी दिसणारी चूक पहिल्या दोन्हींपेक्षा जास्त घातक आहे, कारण ती व्यवहार लिहिले जाऊ लागल्यावर लक्षात येते.

आणि शेवटचे लक्षण, ज्यामुळे हे सगळे लिहावेसे वाटले, ते म्हणजे मागच्या महिन्यात दुरुस्त केलेली फाइल या महिन्यात त्याच ओळींवर पुन्हा अडते. कोणी काही बदललेले नसते, फाइल फक्त उघडून पाहिलेली असते.

मूळ कुठे आहे

स्प्रेडशीटचा सेल एक गोष्ट साठवतो आणि दुसरी दाखवतो. एक्सेलची मूळ फाइल, म्हणजे एक्सएलएसएक्स, प्रणालीने वाचली तर तिला बहुधा साठवलेले मूल्य मिळते. तीच शीट सीएसव्ही म्हणून जतन केली तर सेलमध्ये जे दिसत होते तेच अक्षरशः फाइलमध्ये उतरते. म्हणून १२.३४५६ हा दर दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवलेला असेल तर सीएसव्हीत १२.३५ जातो, आणि लांब बारकोड ८.९०१२३ई+१२ असा दिसत असेल तर प्रणालीला नेमके तेच मिळते. प्रणालीकडे नजर नसते. तिला कोडच्या प्रत्येक अक्षराची तंतोतंत जुळणी लागते, आणि आपण मात्र दोन कोड सारखे दिसतात म्हणून ते सारखेच आहेत असे मानून चालतो. पुढच्या जवळजवळ सर्व तपासण्या या एका फरकाचा माग काढण्यासाठी आहेत.

सुरुवात करण्यापूर्वी

मूळ फाइलची प्रत वेगळ्या नावाने ठेवावी आणि तिला हात लावू नये. प्रणालीतील सध्याच्या नोंदी एक्स्पोर्ट करून त्यांचीही प्रत घ्यावी. त्यानंतर मूळ फाइलमधून पाच ओळींची चाचणी-फाइल तयार करावी: दोन ओळी आत गेलेल्या आणि तीन नाकारलेल्या. पुढचा सगळा शोध या पाच ओळींवर घ्यावा, आणि चाचणीसाठी वेगळे वातावरण उपलब्ध असेल तर तिथेच घ्यावा. ते नसेल तर आत गेलेल्या दोन ओळी केवळ तुलनेसाठी ठेवाव्यात आणि फक्त नाकारलेल्या ओळी चढवून पाहाव्यात. ‘एकदा पुन्हा करून पाहू’ म्हणून पूर्ण फाइल परत चढवू नये. दुबार नोंदींचा सर्वांत मोठा ढीग मी याच सवयीतून तयार झालेला पाहिला आहे.

पहिली तपासणी: त्रुटींचा अहवाल पूर्ण वाचणे

याला काहीच खर्च नाही, तरी हीच पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते. हजार त्रुटी दिसल्या तरी कारणे सहसा तीन-चारच असतात, म्हणून अहवाल स्प्रेडशीटमध्ये घेऊन संदेशांनुसार क्रम लावावा आणि प्रत्येक प्रकार किती वेळा आला ते मोजावे. एका ओळीवर अनेक संदेश असतील तर पहिल्यापासून सुरुवात करावी, कारण नंतरचे पुष्कळदा पहिल्याचेच परिणाम असतात. ओळीचा क्रमांक जपून वाचावा. काही प्रणाली शीर्षकाची ओळ धरून मोजतात, काही ती सोडून, तर काही शून्यापासून मोजतात. त्यामुळे अहवालातील ५७ वी ओळ स्प्रेडशीटमधील ५८ वी किंवा ५९ वी असू शकते, आणि शेजारच्या निर्दोष ओळीवर अर्धा तास घालवणे सहज घडते. अहवालात ओळीबरोबर कोडही दिला असेल तर कोडवरच विश्वास ठेवावा.

दुसरी तपासणी: शीर्षके आणि शीटची रचना

प्रणालीतून टेम्प्लेट, म्हणजे भरायचा रिकामा नमुना, नव्याने डाउनलोड करून आपल्या फाइलच्या शीर्षकांशी ताडून पाहावे. प्रणालीची नवी आवृत्ती येते, एखादा आवश्यक कॉलम वाढतो आणि आपण दोन वर्षांपूर्वीचे टेम्प्लेट वापरत राहतो, असे घडते. शीर्षकांची भाषा वापरकर्त्याच्या भाषेनुसार बदलणाऱ्या प्रणालीही आहेत. तिथे एकाने मराठीत काढलेले टेम्प्लेट दुसऱ्याने इंग्रजी खात्यातून चढवले तर कॉलम ओळखले जात नाहीत. एकत्र केलेले सेल, वरची सजावटीची ओळ, लपवलेले कॉलम, आणि अपेक्षित शीट पहिल्या क्रमांकावर नसणे हेही याच वेळी पाहून घ्यावे. फिल्टर लावून लपवलेल्या ओळी डोळ्यांना दिसत नाहीत, पण फाइलमधून त्या जातातच.

तिसरी तपासणी: न दिसणारी अक्षरे

‘नोंद समोर दिसते आहे, तरी सापडत नाही’ या तक्रारीचे सर्वांत मोठे कारण इथे असते, म्हणून यावर थोडे थांबतो.

नाकारलेल्या ओळीतील कोड शेजारच्या सेलमध्ये लेन या सूत्राने मोजावा. डोळ्यांना सहा अक्षरे दिसत असताना उत्तर सात आले, तर सातवे अक्षर आपल्याला दिसत नाही एवढाच अर्थ आहे. बहुतेक वेळा ती शेवटची मोकळी जागा असते आणि ट्रिम या सूत्राने ती जाते. ती गेली नाही, तर ती साधी मोकळी जागा नसून संकेतस्थळावरून किंवा ईमेलमधून चिकटवताना आलेली ‘न तुटणारी’ मोकळी जागा असण्याचा दाट संभव आहे. तिचा क्रमांक १६० आहे आणि ट्रिम तिला स्पर्श करत नाही. क्लीन हे सूत्रही इथे उपयोगी पडत नाही, कारण ते फक्त ० ते ३१ क्रमांकांची नियंत्रक अक्षरे काढते. सब्स्टिट्यूट या सूत्राने १६० क्रमांकाचे अक्षर रिकाम्याने बदलणे हाच उपाय आहे. सेलच्या आत ओळ तोडण्यासाठी घातलेले चिन्ह क्लीनने निघते. पत्त्यांच्या कॉलममध्ये ते हमखास सापडते.

दोन कोडांची लांबी सारखी असूनही एक्झॅक्ट हे सूत्र त्यांना वेगळे म्हणत असेल, तर एखादे अक्षर दुसऱ्यासारखे दिसणारे आहे असे समजावे. शून्य आणि रोमन ओ, एकचा आकडा आणि रोमन लहान एल ही जोडी सर्वांना ठाऊक आहे. त्याहून फसवी जोडी म्हणजे साधे संयोगचिन्ह आणि लांब डॅश. शब्दप्रक्रिया करणारे सॉफ्टवेअर पहिल्याचे रूपांतर आपणहून दुसऱ्यात करते, आणि तिथून कोड उचलला की तो प्रणालीला अनोळखी होतो.

देवनागरी नावांमध्ये हा प्रश्न अधिक गहन आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. ‘कोऱ्या वह्या’ या नावातील अर्धा र तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो: ऱ या स्वतंत्र अक्षराने, साध्या र ला नुक्ता जोडून, किंवा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात आणि कोणता प्रकार उमटेल हे टंकलेखनाच्या पद्धतीवर अवलंबून असते. एकाने संगणकाच्या कळफलकावरून आणि दुसऱ्याने मोबाइलवरून तेच नाव लिहिले, तर प्रणालीच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे असू शकतात. युनिकोड या अक्षर-संकेतांच्या पद्धतीतील सामान्यीकरणाने (एकाच अक्षराची वेगळी रूपे एक करण्याने) पहिले दोन प्रकार एक होतात, पण तिसरा होत नाही. म्हणून माझा आग्रह असा की देवनागरी नाव कधीही जोडणीची किल्ली, म्हणजे नोंद ओळखण्याचे मूल्य, म्हणून वापरू नये. जोडणी कोडवरच करावी आणि नाव फक्त वाचण्यासाठी ठेवावे. कोडही देवनागरी अंकांत आणि इंग्रजी (1, 2, 3) अंकांत असा मिश्र लिहिला जात नाही ना, हे तपासावे, कारण त्या दोन लिपींतील अंक ही संगणकासाठी वेगळी अक्षरे आहेत.

चौथी तपासणी: स्प्रेडशीटने परस्पर केलेले बदल

००४५२ हा कोड टंकला की स्प्रेडशीट त्याला संख्या समजते आणि ४५२ ठेवते. बारा किंवा अधिक अंकांची संख्या एक्सेलमध्ये सर्वसाधारण स्वरूपात ई असलेल्या लघुरूपात दिसू लागते. पंधरा अंकांपलीकडे तर मूळ मूल्यच बदलते: एक्सेल फक्त १५ सार्थ अंक साठवते, त्यामुळे १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो आणि तो परत मिळवण्याचा कोणताही मार्ग त्या फाइलमध्ये उरत नाही. कॉलमला नंतर ‘मजकूर’ हे स्वरूप दिल्याने गेलेली शून्ये किंवा बदललेले अंक परत येत नाहीत. स्वरूप आधी द्यावे लागते आणि माहिती त्यानंतर चिकटवावी लागते. हे ज्यांना माहीत नसते त्यांची पूर्ण दुपार यात जाते. कोडची लांबी ठरावीक असेल तर गेलेली शून्ये सूत्राने परत भरता येतात. लांबी ठरावीक नसेल तर मूळ स्रोताकडेच जावे. अंदाजाने शून्ये भरू नयेत, कारण ४५२ आणि ०४५२ हे दोन्ही कोड खरेच अस्तित्वात असू शकतात.

हा दोष केवळ कार्यालयांपुरता नाही. मानवी जनुकांची अधिकृत नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही जनुकांची चिन्हेच बदलली, कारण महिन्यांच्या नावांसारख्या त्या चिन्हांना स्प्रेडशीट तारखा समजत होती. एक्सेलमध्ये असे आपोआप होणारे काही बदल बंद करण्याची सोय २०२३ मध्ये आली. आपल्या आवृत्तीत ती असेल तर मास्टर फाइलवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकावर ती लावून घ्यावी, कारण ही सोय फाइलबरोबर प्रवास करत नाही.

तारखांसाठी एक झटपट खूण आहे. कॉलमची डावी-उजवी मांडणी काढून टाकावी आणि पाहावे: काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे सरकल्या, तर उजवीकडच्या खऱ्या तारखा झाल्या आहेत आणि डावीकडच्या मजकूर म्हणून राहिल्या आहेत. संगणकाची प्रादेशिक मांडणी महिना आधी अशी असेल आणि माहिती दिवस आधी अशी असेल, तर १२ पर्यंतचे दिवस असलेल्या तारखा मुकाट्याने उलट होतात आणि १३ पासूनच्या मजकूर राहतात. अशा वेळी डावीकडच्या तारखा दुरुस्त करून उजवीकडच्या तशाच ठेवणे ही सर्वांत महागडी चूक आहे, कारण खरे नुकसान उजवीकडेच झालेले असते. सर्व तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, मजकूर म्हणून, मूळ स्रोतातून पुन्हा घ्याव्यात. सर्वच तारखा सरसकट १,४६२ दिवसांनी सरकल्या असतील, तर फाइल १९०४ पासून दिवस मोजणाऱ्या जुन्या मॅक पद्धतीची आहे. हे क्वचित दिसते, पण दिसले की लगेच ओळखता येते.

पाचवी तपासणी: सीएसव्हीची सांकेतिक लिपी आणि विभाजक

देवनागरीच्या जागी चिन्हांकित युरोपीय अक्षरांची गर्दी दिसत असेल, तर फाइल यूटीएफ-८ या सांकेतिक लिपीत (अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) आहे आणि ती दुसऱ्या सांकेतिक लिपीत वाचली जात आहे. मूळ मजकूर बहुधा शाबूत असतो आणि फाइल योग्य प्रकारे उघडली की परत दिसतो. मात्र त्या गर्दीसह ती पुन्हा जतन केलेली नसावी. प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल, तर मजकूर गेलेला आहे. साध्या सीएसव्ही प्रकारात जतन करताना एक्सेलने न मावणारी अक्षरे प्रश्नचिन्हांनी बदलली आहेत आणि त्या फाइलवर आणखी वेळ घालवण्यात अर्थ नाही. जतन करताना यूटीएफ-८ असे स्पष्ट नाव असलेला सीएसव्ही प्रकार निवडावा.

सर्व माहिती एकाच कॉलममध्ये गोळा होत असेल, तर विभाजक स्वल्पविराम आहे की अर्धविराम हे साध्या मजकूर-संपादकात पाहावे. जिथे दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरण्याची प्रादेशिक मांडणी असते, तिथे एक्सेल सीएसव्हीत अर्धविराम टाकते.

इथेच ‘काहीही न बदलता बिघडलेली फाइल’ या कोड्याचे उत्तर आहे. सीएसव्हीवर डबल-क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडली, नजर टाकली आणि बंद करताना ‘जतन करा’ म्हटले, की चौथ्या आणि पाचव्या तपासणीतील सर्व दोष एका क्षणात परत येतात. पाहायचेच असेल तर मजकूर-संपादकात पाहावे, किंवा एक्सेलच्या ‘डेटा’ विभागातून मजकूर-फाइल आयात करण्याची सोय वापरून कोडच्या प्रत्येक कॉलमला मजकूर हा प्रकार द्यावा. तयार झालेली सीएसव्ही फक्त चढवण्यासाठी ठेवावी आणि दुरुस्ती नेहमी तिच्या मूळ एक्सेल फाइलमध्ये करावी. मी पाहिलेल्या परत परत येणाऱ्या तक्रारींपैकी मोठा भाग एवढ्या शिस्तीनेच थांबला.

सहावी तपासणी: नोंदींचा क्रम

एकक नसेल तर वस्तू तयार होत नाही, गट नसेल तर ग्राहक तयार होत नाही, आणि वस्तू नसेल तर दरपत्रक तयार होत नाही. कोणती नोंद कोणावर अवलंबून आहे हे कागदावर बाणांनी काढावे आणि ज्यांच्याकडून कोणताही बाण बाहेर जात नाही त्या याद्या आधी चढवाव्यात. एकाच फाइलमध्ये पालक आणि अपत्य दोन्ही असतील, उदाहरणार्थ गट आणि उपगट, तर पालकांच्या ओळी वर असाव्यात. तरीही अडले तर दोन फेऱ्या कराव्यात. जिथे अवलंबन गोलाकार असते, जसे विभागाला प्रमुख कर्मचारी हवा आणि कर्मचाऱ्याला विभाग हवा, तिथे दोन फेऱ्यांना पर्याय नाही: पहिल्या फेरीत प्रमुखाचा रकाना रिकामा ठेवून विभाग चढवावेत, मग कर्मचारी, आणि नंतर विभागांवर फक्त तो एक रकाना अद्ययावत करावा.

सातवी तपासणी: किल्ली नेमकी कोणती

प्रणाली जुळणीसाठी नाव वापरते, कोड वापरते की अंतर्गत ओळखक्रमांक वापरते, हे प्रत्येक कॉलमसाठी वेगळे असू शकते आणि टेम्प्लेटच्या सूचनांमध्ये ते लिहिलेले असते. किल्ली शोधून भरण्यासाठी व्हीलुकअप हे सूत्र वापरले असेल, तर त्याचा चौथा भाग (जुळणी नेमकी हवी की अंदाजे हे सांगणारा) तपासावा. तो रिकामा सोडला तर सूत्र अंदाजे जुळणी करते आणि चुकीचा, पण अस्तित्वात असलेला कोड आणून ठेवते. त्यावर प्रणाली त्रुटी दाखवत नाही, कारण कोड वैध असतो. लहान आणि मोठ्या रोमन अक्षरांतील फरकही व्हीलुकअप मानत नाही. सेल्सफोर्स या क्लाउड-प्रणालीतील १५ अक्षरी ओळखक्रमांकात मात्र तो फरक महत्त्वाचा असतो, आणि म्हणूनच स्प्रेडशीटमध्ये काम करताना तिथले १८ अक्षरी रूप घ्यावे.

दुबार किल्ल्या शोधताना काउंटइफ या मोजणीच्या सूत्रावर आंधळा विश्वास ठेवू नये. मजकूर म्हणून साठवलेले लांब क्रमांकही ते संख्या म्हणून तपासते, आणि १५ अंकांनंतर वेगळे असलेले दोन क्रमांक त्याला एकच वाटतात. अशा यादीतून ‘दुबार’ म्हणून ओळी काढून टाकल्या, तर खऱ्या नोंदी जातात.

आठवी तपासणी: नवीन, बदल आणि रिकामे रकाने

‘नवीन नोंदी तयार करा’ आणि ‘असलेल्या नोंदी बदला’ हे दोन वेगळे मार्ग आहेत. अर्धवट यशस्वी झालेली फाइल पहिल्या मार्गाने परत चढवली की आत गेलेल्या ओळी दुसऱ्यांदा तयार होतात. म्हणून फक्त नाकारलेल्या ओळींची वेगळी फाइल करावी, किंवा स्थिर बाह्य किल्ली ठेवून ‘असेल तर बदला, नसेल तर तयार करा’ हा मार्ग वापरावा. त्याचबरोबर रिकाम्या सेलचा अर्थ तपासावा. काही प्रणाली रिकामा सेल म्हणजे ‘जसे आहे तसे ठेवा’ असे मानतात, तर काही ‘पुसून टाका’ असे. एका नोंदीवर हा प्रयोग करून पाहिल्याशिवाय शेकडो नोंदींवर बदलाची फाइल चालवू नये.

नववी तपासणी: परवानगी, बंद नोंदी, आकार

नोंद खरोखर आहे, कोड खरोखर जुळतो, तरी ‘सापडला नाही’ असाच संदेश येत असेल, तर इम्पोर्ट करणाऱ्या वापरकर्त्याला ती नोंद दिसते का ते पाहावे. अनेक प्रणालींत नोंदी शाखेनुसार किंवा कंपनीनुसार विभागलेल्या असतात, आणि जी नोंद दिसण्याची परवानगी नाही ती इम्पोर्टला सापडतही नाही. याच्या उलट बाजूने, ‘हा कोड आधीच आहे’ असे सांगितले जाते आणि यादीत तो कुठेच दिसत नाही, तेव्हा नोंद बंद किंवा संग्रहित केलेली असते. ती पुन्हा सुरू करावी. त्याच वस्तूला नवा कोड देऊन वेळ मारून नेऊ नये.

रकान्याची मर्यादा बाइटमध्ये मोजली जात असेल, तर देवनागरी नावे लवकर कापली जातात. ‘मुख्य’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा वाटतो, पण त्यात पाच संकेत (म, उकार, ख, हलन्त, य) आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये ते प्रत्येकी तीन, म्हणजे पंधरा बाइट घेतात.

फाइल मोठी असेल तर ती काही शे ओळींच्या तुकड्यांत चढवावी, म्हणजे वेळ संपून काम मध्येच तुटणार नाही आणि तुटले तरी कुठे ते कळेल. फाइल जुन्या एक्सएलएस प्रकारात असेल तर एका शीटमध्ये ६५,५३६ ओळींपलीकडे काहीही मावत नाही; नव्या प्रकारात ही मर्यादा १०,४८,५७६ आहे. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोविडची १५,८४१ प्रकरणे दैनिक आकड्यांतून सुटली, त्यामागे जुन्या प्रकारातील फाइलची हीच मर्यादा होती. म्हणून चढवण्यापूर्वीची आणि चढवल्यानंतरची ओळींची संख्या प्रत्येक वेळी लिहून ठेवावी व ताडून पाहावी.

एक गोष्ट इथे कळकळीने सांगतो: ग्राहकांची किंवा कर्मचाऱ्यांची यादी चढवण्याआधी, नोंद तयार होताच स्वागताचा ईमेल किंवा संदेश पाठवणारे स्वयंचलित नियम सुरू आहेत का ते तपासावे आणि असल्यास ते तात्पुरते थांबवावेत. चुकीची नोंद दुरुस्त करता येते, पण शेकडो लोकांना गेलेला चुकीचा संदेश परत घेता येत नाही.

कुठे थांबावे

पुढील परिस्थितींत स्वतः प्रयत्न करणे बंद करावे आणि प्रणाली बसवून देणाऱ्या सल्लागाराला किंवा पुरवठादाराच्या मदत-विभागाला बोलवावे. चुकीच्या नोंदींवर चलने, देयके किंवा साठ्याच्या नोंदी लिहिल्या गेल्या असतील, तर त्या मास्टर नोंदी पुसू नयेत आणि एकमेकींत विलीनही करू नयेत, कारण आता प्रश्न फाइलचा राहिलेला नसून हिशेबाचा झाला आहे आणि त्यात लेखापालही हवा. आरंभीच्या शिलकी एकदा चढवल्यानंतर त्यांत तफावत दिसली तरी हेच लागू होते. हाताने, पडद्यावरून, एकच नोंद भरतानाही तीच त्रुटी येत असेल, तर दोष प्रणालीच्या मांडणीत आहे आणि फाइल कितीही स्वच्छ केली तरी तो जाणार नाही. पाच ओळींची चाचणी-फाइल कधी चालते आणि कधी नाही, किंवा सर्व्हरच्या अंतर्गत त्रुटीचा संदेश येतो, तेव्हाही थांबावे. कोणी थेट डेटाबेसमध्ये बदल करण्याचा सल्ला दिला, तर तो जाणकाराशिवाय अजिबात अमलात आणू नये.

मदत मागताना पाच ओळींची चाचणी-फाइल, न उघडलेली मूळ फाइल, त्रुटींचा पूर्ण अहवाल, इम्पोर्टचा क्रमांक, तो चालवल्याची तारीख व वेळ, वापरकर्त्याची भूमिका आणि यापैकी कोणत्या तपासण्या करून झाल्या आहेत याची यादी द्यावी. फाइलमध्ये व्यक्तींचे फोन क्रमांक, पत्ते किंवा बँकेचे तपशील असतील, तर ते कॉलम पाठवण्यापूर्वी काल्पनिक मूल्यांनी बदलावेत, मात्र कोडचे कॉलम जसेच्या तसे ठेवावेत, कारण शोधायचा दोष बहुधा त्यांतच असतो. पडद्याचे छायाचित्र सोबत द्यायला हरकत नाही, पण फाइलच्या जागी फक्त छायाचित्र पाठवू नये. शेवटची मोकळी जागा छायाचित्रात दिसत नाही.